सत्ताविसावी पाटी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मिझुहोरी पंप कारखान्याचे प्रमुख माननीय सेनबासान, त्यांच्या शेजारी बसलेले कार्मिक विभागाचे प्रमुख इगुचीसान, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातलं काम लवकर आवरून या कॅन्टीनमध्ये जमलो आहोत ते आजचे सत्कारमूर्ती हिरोनाका तेत्सुओसान, ड्रॉइंग ऑफिसमधली मंडळी, मशीन शॉपमधून हात धुऊन थेट आलेले सहकारी आणि स्वयंपाकघराच्या दारातून ऐकणाऱ्या आपल्या कॅन्टीनच्या बायका, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी कोगुरे मासाए. तळमजल्यावर कॉम्प्युटर विभागात असते. तुमच्यापैकी बरेच जण मला आवाजावरून ओळखतात, कारण पासवर्ड विसरला की तुम्ही मलाच फोन करता. चेहरा काही जण आज पहिल्यांदाच बघत असाल. आता प्रश्न असा, की सदतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेल्या माणसाच्या निरोपाला तळमजल्यावरची बाई कशाला बोलते आहे? इगुचीसाननाही हा प्रश्न पडला. मी आपण होऊन नाव दिलं तेव्हा ते म्हणाले, "कोगुरेसान, तुमचा आणि हिरोनाकासानचा संबंध काय?" मी म्हटलं, "आहे थोडासा." त्यांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. समोर ट्राउटच्या सुशीचे डबे आहेत, बिअर कोमट होते आहे, हे मलाही दिसतंय. पण माझं बोलणं जरा लांबेल. अध्यक्षांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

हिरोनाकासानविषयी काय सांगावं? त्यांचं गाणं ऐकलेल्यांनी हात वर करा. बघा, हात वर करायलासुद्धा लोक घाबरतात. वर्षअखेरच्या पार्टीत त्यांनी माइक हातात घेतला की शॉपमधली मंडळी बरोबर त्याच वेळी सिगारेट ओढायला बाहेर जातात. पण अक्षर? अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. आणि उजव्या हाताची दोन बोटं कायम लाल. ड्रॉइंग तपासताना लाल पेन्सिल वापरतात, आणि ती इतकी झिजेपर्यंत वापरतात की शेवटी पेन्सिल धरली आहे की बोटानंच लिहिताहेत ते कळू नये. दुपारी ठरलेले दोन भाताचे गोळे, कोंबूच्या म्हणजे समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेले, आणि ते खातानाही डोळे समोरच्या कागदावर.

तुम्हाला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी आपण नदीकाठच्या एका गावासाठी पावसाचं पाणी उपसणारे चार मोठे पंप केले. त्या पंपांच्या ड्रॉइंगमध्ये पंखा आणि बाहेरचं कवच यांच्यामधली फट लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी पाच. तसंच शॉपमध्ये गेलं असतं तर पंप झोकात फिरले असते आणि पाणी काही वर चढलं नसतं. तिघांच्या नजरेतून सुटलेली ती चूक हिरोनाकासाननी पकडली, लाल गोल केला आणि कागद शेजारच्या टेबलावरच्या मिकामीसानकडे दिला. मिकामीसाननी ती कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त केली. त्यामुळे कॉम्प्युटरला आजही एवढंच माहीत आहे की दुरुस्ती मिकामीने केली. हिरोनाकासानचं नाव तिथे कुठेच नाही.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. कंटाळवाणं आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

दीड वर्षापूर्वी आपल्याला ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. भाषा अतिशय गोड. अर्थ एवढाच, की तुम्ही किती लायसन्स विकत घेतलीत आणि प्रत्यक्षात किती ठिकाणी वापरता ते मोजून दाखवा, जास्त वापरत असाल तर दंड भरा. वरच्या मजल्यावर धाबं दणाणलं. हे काम माझ्याकडे आलं. मी चार महिने खाली बसून नेटवर्कवरून एकेक कॉम्प्युटर धुंडाळला. काय काय निघालं म्हणून सांगू! तीन वर्षांपूर्वी बंद झालेल्या विभागाच्या नावानं आपण दरवर्षी पैसे भरत होतो, आणि दुसरीकडे शॉपमधल्या पाच कॉम्प्युटरवर फुकट उतरवलेली प्रत चालू होती. म्हणजे एकीकडे उधळपट्टी, दुसरीकडे चोरी, आणि दोन्ही आपल्याला ठाऊक नाही. मी ते सगळं सरळ केलं. दंड टळला. खर्च एका वर्षात पावणेदोन कोटी येननी उतरला. ते काम वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण त्याच तपासणीत मी आणखी एक तक्ता केला. ड्रॉइंग ऑफिसच्या सॉफ्टवेअरची लायसन्स माणसागणिक नव्हती, सामाईक होती. एका वेळी चोवीस जण आत बसू शकत. पंचविसाव्यानं उघडायला घेतलं की पडद्यावर यायचं, 'सध्या जागा शिल्लक नाही.' मी वर्षभराची नोंद काढली. एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसं कधीच आत दिसली नाहीत. मी लिहिलं, चार जागा जास्तीच्या आहेत, कमी कराव्यात. त्या तक्त्याच्या खाली मी सगळ्या कारखान्यातली अकरा नावं दिली, ज्यांनी वर्षभरात आपापलं सॉफ्टवेअर एकदाही उघडलं नव्हतं. कुणी शेवटचं कधी उघडलं त्या तारखेप्रमाणे लावलेली, सगळ्यात जुनी तारीख सगळ्यात वर, आणि प्रत्येकापुढे वर्षभराचा वापर, शून्य. हेतू इतकाच, की त्यांच्यावरचा लायसन्सचा खर्च वाचावा. सगळ्यात वर नाव होतं हिरोनाका तेत्सुओ.

त्या तक्त्याबद्दल याच कॅन्टीनमध्ये, याच माइकवरून माझं कौतुक झालं. प्रमाणपत्र मिळालं. मी ते आईला पाठवलं. तिनं देवघरात, बाबांच्या फोटोशेजारी ठेवलं.

मग मागच्या शरद ऋतूत ऑर्डरी घटल्या आणि स्वेच्छानिवृत्तीच्या मुलाखती सुरू झाल्या. स्वेच्छा कुणाची, हे मी इथे विचारत नाही. पण कुणाकुणाला बोलावलं हे कानावर येत गेलं. पहिल्या दिवशी हिरोनाकासान. दुसऱ्या दिवशी गोदामातले एक. मग विक्री विभागातल्या एक बाई. चौथ्या नावाला मी माझा तक्ता काढून समोर ठेवला. ही नावं वयाप्रमाणे नव्हती, विभागाप्रमाणे नव्हती, आद्याक्षराप्रमाणेही नव्हती. ती माझ्या तक्त्याच्या क्रमानं चालली होती.

मी काय केलं? काही नाही. मनाशी म्हटलं, मी फक्त सॉफ्टवेअर मोजलं, माणसं मोजली नाहीत. माणूस स्वतःशी किती शहाणपणानं बोलू शकतो बघा.

डिसेंबरमध्ये हिरोनाकासानच्या कॉम्प्युटरवरून ते सॉफ्टवेअर काढून घ्यायला मी तिसऱ्या मजल्यावर गेले. इथे एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करते. आपल्या प्रत्येक जिन्यात पाटी लावलेली आहे, 'जागेवर जा, डोळ्यांनी बघा.' मी एकोणीस वर्षं ती वाचत जिना चढले-उतरले आहे. आणि ड्रॉइंग ऑफिसचा एवढा मोठा तक्ता करताना मी ड्रॉइंग ऑफिसात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

दाराशेजारी भिंतीवर एक फळी होती. फळीला खुंट्या, खुंट्यांवर छोट्या लाकडी पाट्या, पाट्यांवर ब्रशनं लिहिलेली नावं. मी मिकामीसानना विचारलं, "हे काय आहे?"

"हे होय? ज्याची पाटी खुंटीवर, तो आत."

"आत म्हणजे कुठे?"

"सॉफ्टवेअरमध्ये हो! वीस जागा, वीस खुंट्या. चहाला उठलं की बंद करायचं, पाटी काढायची, दुसऱ्याला बसू द्यायचं. पूर्वी चोवीस होत्या. चार तुम्हीच उपटल्यात ना?" असं म्हणून त्या हसल्या. मिकामीसान, तुम्ही हसलात म्हणून मला राग आला नव्हता, हे आज सांगून टाकते.

मी म्हटलं, "वीसपेक्षा जास्त लागत नाहीत, म्हणून काढल्या."

"लागत नाहीत? अहो, आम्ही सत्तावीस माणसं आहोत. खुंटी रिकामी नसली की कुणी उघडायचा प्रयत्नच करत नाही. काही जण बाथरूमला जातानासुद्धा पाटी उतरवतात."

मी फळीकडे बघत हिशेब केला. माझ्या नोंदीत वीस दिसत होते, कारण बाकीचे अदबीनं मागे थांबले होते. मी जागा कमी केल्या, तसे आणखी काही जण मागे सरकले. जितकं सरकले तितका वापर कमी दिसला. हे असंच चाललं असतं तर दरवर्षी मी थोडं थोडं कापत गेले असते आणि दरवर्षी मला प्रमाणपत्र मिळालं असतं.

मग मी खुंट्यांवरच्या आणि खालच्या डब्यातल्या पाट्या मोजल्या. सव्वीस.

"हिरोनाकासानची पाटी कुठे आहे?"

"त्यांची नाहीच. त्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे," मिकामीसान हळू आवाजात म्हणाल्या. "पण ही फळी त्यांनीच केली. पाट्याही. अक्षर बघा ना."

सत्तावीस माणसांच्या ऑफिसात सव्वीस पाट्या, आणि त्या करणाऱ्यानं स्वतःसाठी एक केली नाही. माझ्या मनातून ते जाईना. खाली येऊन मी जुन्या नोंदी काढल्या. शेवटची तारीख तक्त्यात आपोआप येते, रोजच्या नोंदी मात्र एकच वर्ष मागे बघायच्या, असा तपासणीचा नियम. त्या दिवशी मी नियम सोडला आणि मागे मागे गेले. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल लागला. त्या महिन्यात ड्रॉइंग ऑफिसात तीन नवी माणसं रुजू झाली आणि चोविसाची सत्तावीस झाली. त्या तिघांत मिकामीसान होत्या.

त्या आठवड्याची नोंद मी तशीच वाचून दाखवते. सोमवार, आठ बत्तीस, मिकामी, जागा नाही. आठ तेहतीस, हिरोनाका, बाहेर. आठ तेहतीस, मिकामी, आत. मंगळवार, आठ एकतीस, मिकामी, जागा नाही. आठ एकतीस, हिरोनाका, बाहेर. आठ बत्तीस, मिकामी, आत. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी हिरोनाकासाननी सॉफ्टवेअर उघडलंच नाही. त्या शुक्रवारनंतर त्यांनी ते कधीच उघडलं नाही. त्याआधीच्या अकरा वर्षांत, मंडळी, त्यांचा एक दिवसही चुकलेला नव्हता. कॉम्प्युटरचं वावडं!

मी तो कागद घेऊन परत वर गेले. मिकामीसाननी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "मला वाटायचं, माझंच नशीब चांगलं. पुन्हा दाबलं की लगेच उघडायचं." आणि त्यांनी मान खाली घातली. आत्ताही बघा, त्या खाली मान घालून बसल्या आहेत. मिकामीसान, तुमचा यात काही दोष नाही. असता तर मी हे सगळ्यांसमोर वाचलं नसतं.

हिरोनाकासान मला सायकलच्या शेडपाशी फावड्यानं बर्फ ओढताना सापडले. त्यांची सायकल बर्फातून निघाली होती, ते दुसऱ्यांच्या सायकली मोकळ्या करत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला आणि चोरी पकडली गेल्यासारखे लाजले.

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला? आणि काय म्हणून?" ते म्हणाले. "अहो कोगुरेसान, पोरगी नवीन. नोकरीचा पहिला आठवडा. रोज सकाळी पडद्यावर 'जागा शिल्लक नाही' असं वाचायचं? त्या वयात माणसाला वाटतं, आपल्यालाच जागा नाही. मला काय, लाल पेन्सिल पुरते."

"पण मुलाखतीत तरी सांगायचं!"

"मुलाखतीत इगुचीसाननी तक्ता समोर ठेवला. माझ्या नावापुढे शून्य होतं. शून्य काही खोटं नव्हतं. मी म्हणालो असतो, जागा दिली, तर त्यांनी विचारलं असतं, कुणाला दिली? मग त्या पोरीचं नाव घेऊ? दिलेलं असं मोजून परत मागतात होय?"

मी रडायला लागले. तर हा माणूस माझीच समजूत घालायला लागला. म्हणाला, "तक्ता मात्र फार सुबक केला होतात हो. एक रकाना तिरका नाही. मी इगुचीसानना तसं म्हटलंसुद्धा."

मंडळी, लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पचवल्या असत्या. ते कौतुक मला अजून पचलेलं नाही.

मी त्याच दिवशी इगुचीसानकडे गेले. इगुचीसान, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, हे मी नाकारत नाही. तुम्ही म्हणालात, "कागदावर सगळे शिक्के बसलेत, कोगुरेसान. आणि एकाला परत घेतलं तर उरलेल्या दहांना काय सांगू?"  मी मान लववली आणि खाली येऊन तीन महिने गप्प बसले. या तीन महिन्यांत ते दहा जण एकेक करून गेले. त्यांना समारंभ नको होता. फुलांचा गुच्छ घेऊन मागच्या फाटकानं गेले. त्यांच्या शून्यामागे काय होतं? मला माहीत नाही. मी बघितलंच नाही, आणि आता विचारायला ती माणसं इथे नाहीत. इगुचीसान, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता सुचतंय. त्या दहांनाही विचारायला हवं होतं.

हिरोनाकासान अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. साठीपर्यंत दोन वर्षं होती, त्यानंतर आपल्या पद्धतीप्रमाणे आणखी पाच वर्षं कमी पगारावर राहता आलं असतं. घरी त्यांच्या पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. एक तारखेपासून ते राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर वाहनांना लाल-पांढरी झेंडी दाखवायला उभे राहणार आहेत. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. कॅन्टीनमधल्या बायकांनी सांगितलं. त्यांना परत घ्या असं म्हणायला मी आज उभी नाही. ती वेळ डिसेंबरात होती आणि ती मी घालवली.

पण एक गोष्ट अजून हातात आहे. सेनबासान, यंदाच्या तपासणीचा तक्ता माझ्याकडे तयार आहे. सोमवारी तो तुमच्या टेबलावर यायचा आहे. त्यात लिहिलंय की ड्रॉइंग ऑफिसात आता सतराच जागा पुरतात. खाली सहा नावं आहेत. ते सहाही जण आत्ता या कॅन्टीनमध्ये बसले आहेत, आणि आपलं नाव त्यात आहे हे त्यांना ठाऊक नाही. सेनबासान, त्या तीन जागा रिकाम्या नाहीत. प्रत्येक जागेमागे कुणीतरी 'आधी तुम्ही' म्हणून थांबलेलं आहे. तो तक्ता मी सोमवारी देणार नाही. आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन आठवडाभर फळीसमोर बसेन, प्रत्येकाला विचारेन, मग नवा करेन. त्यात नावं नसतील. याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

इगुचीसान घड्याळ बघताहेत. आवरते.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. कोमट बिअर समोर ठेवून ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. अशा प्रसंगी शेवटी म्हणायची रीत आहे की बोलण्याच्या भरात काही उणं-अधिक गेलं असल्यास उदार मनानं पोटात घालावं. आज मी जे बोलले त्यात उणं-अधिक काही नाही, त्यासाठी मी क्षमा मागत नाही. माझी चूक बोलण्यात झालेली नाही. ती मी लेखी केली, सुबक रकान्यांत केली, खाली माझा शिक्का मारून केली. तिच्यासाठी मी, कोगुरे मासाए, या सर्वांच्या समोर हिरोनाका तेत्सुओसानची क्षमा मागते.

आणि हिरोनाकासान, मला तुमचा स्वभाव कळला आहे. आता मी वाकले की तुम्ही लगबगीनं उठाल, माझ्यापेक्षा खाली वाकाल आणि म्हणाल, "छे छे, माझ्यामुळेच तुम्हाला त्रास झाला." हात जोडून सांगते, आज ते म्हणू नका. ही चूक माझी आहे, ती तरी माझ्याकडेच राहू द्या. तुम्ही बसून राहा.